अर्ध्या किलोची चटणी

लक्ष्मीपुरीत तारदाळेंच्या दुकानी
पोती तोंड उघडून बसलेली.
मी मूठभर ब्याडगी कानाशी नेऊन हलवली.
बी वाजलं. म्हणजे वाळलीय.
"किती देऊ?"
अर्धा किलो. सगळी मिळून.
तारदाळेंनी तराजू सोडून माझ्याकडं बघितलं.
मार्च महिन्यात, कोल्हापुरात,
अर्धा किलो मिरची
फक्त दृष्ट काढणारे नेतात.

तीनशे ग्रॅम ब्याडगी, रंगाला.
दीडशे संकेश्वरी, चवीला.
पन्नास लवंगी,
आपण कुठं राहतो ते जिभेनं विसरू नये म्हणून.
धणे चावून बघितले, गोडसर लागले, घेतले.
हळकुंड मोडलं, आत केशरी निघालं, घेतलं.
खसखशीचा भाव ऐकला आणि
दगडफुलाकडं वळले.

वहीत सगळं दहा माणसांचं.
अक्षर माझं, सांगणं सासूबाईंचं,
त्या तव्यापाशी उभ्या, मी उंबऱ्यात बसून लिहिलेलं.
ते घर सोडताना वही तेवढी आणली.
दहा माणसांना दोन तोळे नाकेश्वर,
तर एकीला किती?
दुकानातच बोटांवर भागाकार केला.
बाकी उरली. ती पण पुडीत टाकली.

कांदा गच्चीवर दोन दिवस वाळला.
मग एकेक जिन्नस तेलात, मंद आचेवर.
खोबरं आधी, मिरची सगळ्यात शेवटी.
वरच्या मजल्यावर कुणीतरी सलग चार वेळा शिंकलं.
या इमारतीत राहायला आल्यापासून
पहिल्यांदाच कुणाला माझा पत्ता लागला.

मंगळवार पेठेत डंकापुढं डब्यांची ओळ.
शिंगटे ओरडून बोलतात, डंक थांबला तरी.
"दोन किलोच्या खाली घेत न्हाई, बाई!
लोखंडावर लोखंड आपटतंय मग."
मी डबा उचलला.
मागनं पदर नाकाला लावलेली बाई म्हणाली,
"माझ्यात घाला की वो. माझी बी दीड किलोच हाय.
पोरं पुण्याला गेली, आता खातंय कोण?"
हमिदा मुल्लाणी. नाव नंतर कळलं.
आधी भांडण झालं.
तुम्ही तीळ भाजले का कच्चेच?
लसूण सोललाय कशाला, साल असू द्यायची, टिकतंय.
मेथी?
मी म्हटलं, आमच्यात मेथी घालत नाहीत.
आमच्यात म्हणजे कुणात, ते
तोंडातून गेल्यावर माझं मलाच कळेना.
"दोन चिमटी," ती म्हणाली, "जास्त न्हाई."
तोवर शिंगट्यांनी दोन्ही डबे उलटे केले होते.

शेवटी तिच्या पितळी वाटीनं वाटणी.
तीन तिला, एक मला, तीन तिला, एक मला.
शेवटची अर्धी वाटी तिनं माझ्याकडं सरकवली.

चटणी गरम असताना भरायची नाही,
घाम सुटतो, मग बुरशी येते.
रात्रभर कागदावर पसरली, घर खोकत राहिलं.
बरणी उन्हात तापवली. तळाला हिंगाचा खडा.
मुठीनं दाबून दाबून भरली, हवा राहू नये अशी.
दादरा बांधताना मोठ्यानं म्हटलं:
ओला चमचा घालायचा नाही कुणी.
कुणी म्हणजे मीच.
तरी सांगितलेलं बरं असतं.

आज मटकीचा रस्सा केला.
तेलात चटणी टाकण्याआधी गॅस बंद, ती करपू नये म्हणून,
मग गरम पाणी, मग उकळी.
तरी आली, लाल, वाटीच्या काठाला धरून.
पहिला घास ओळखीचा.
मग सगळं गिळून झाल्यावर, जिभेच्या मुळाशी,
एक बारीक कडू.
सासूबाईंचं नाही ते. माझ्या आईचंही नाही.
दुसरा घास त्याची वाट बघतच घेतला.

जेवण झाल्यावर वही काढली.
नाकेश्वरच्या खाली थोडी जागा होती.
लिहिलं: मेथी, दोन चिमटी.
मग आणखी बारीक अक्षरात:
चिमट्या हमिदाच्या.
माझ्या बोटांनी किती,
ते पुढच्या मार्चात विचारायचं.